कावसजी हॉलमधला चपलांचा सेल

मानपाडे दोन आहेत. एक ठाण्याचा, घोडबंदर रोडवरचा; दुसरा डोंबिवलीचा, शीळ रस्त्याकडचा. दोघांचं एकमेकांवाचून काहीही अडत नाही. अडतं ते कुरियरवाल्या पोरांचं आणि आमच्या साताऱ्याकडच्या नातेवाइकांचं. ‘मानपाडा पोलिसांनी तिघांना पकडलं’ अशी बातमी पेपरात आली की साताऱ्याहून फोन येतो, “सगळे घरी आहेत ना?” मानपाडा पोलीस ठाणं डोंबिवलीत आहे, हे आम्ही त्यांना वर्षानुवर्षं सांगत आलोय. ते नीट ऐकून घेतात आणि शेवटी विचारतात, “बरं, पण आहेत ना घरी?”

मी ठाण्याच्या मानपाड्यात राहते आणि माझी थोरली नणंद डोंबिवलीच्या. खरा मानपाडा कोणता, हा वाद आमच्या घरात दर दिवाळीला फराळाबरोबर वाढला जातो. ताईंच्या बाजूला गणेश मंदिर संस्थान आहे, १९९९ साली तिथून सुरू झालेली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा आहे आणि नोकरीची सगळी वर्षं डोंबिवली फास्टमध्ये उभ्याने काढल्याचा अनुभव आहे. माझ्या बाजूला डॉ. काशीनाथ घाणेकर नाट्यगृह आहे. ते घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, असं मी म्हणते. “चालायला जागा आहे का पण?” असं ताई म्हणतात. मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून हा प्रश्न मी ऑप्शनला टाकलाय.

एक मात्र मला मान्य करावं लागतं. आमच्या मानपाड्यात जुनं काही नाही. जे आहे ते जुन्यासारखं आहे. कोलशेतपासून पोखरण रोडपर्यंत एके काळी कारखाने होते, त्यांचे भोंगे होते, पाळ्या होत्या. कारखाने गेले, टॉवर आले आणि टॉवरांना रोमन खांब आले. चाळीस मजल्यांची इमारत, तळाशी दोन हजार वर्षांपूर्वीचे खांब, मध्ये काच आणि वर घुमट. नावं सगळी इटलीतल्या गावांची. आमच्या सोसायटीच्या दाराशी असे चार खांब आहेत. त्यांच्यावर काहीही टेकलेलं नाही. ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी खाली उभं राहून वर बघितलं आणि विचारलं, “हे खांब धरून काय ठेवतात?”

“मेंटेनन्स,” आमचे हे म्हणाले.

जुनी वास्तू रिकामी झाली की जगात काही ठिकाणी लोक वेगळंही काही करतात म्हणे. पॅरिसने एका जुन्या रेल्वे स्टेशनाचं १९८६ साली संग्रहालय केलं. लंडनने टेम्सच्या काठावरच्या बंद पडलेल्या वीजकेंद्रात २००० साली चित्रं टांगली. ठाण्यात स्टेशन रिकामं होण्याचं काही लक्षण नाही, आणि बंद पडलेला कारखाना बघितल्यावर आमच्याकडे डोळ्यांसमोर जे पहिलं चित्र येतं ते टू बीएचकेचं. तसा ठाण्यात एक अस्सल जुना किल्ला आहे. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, मराठ्यांनी १७३७ साली जिंकलेला. पण तिथे आता मध्यवर्ती कारागृह आहे आणि आत जाण्याची पद्धत जरा निराळी आहे. त्यासाठी आधी मानपाडा पोलिसांच्या हाती लागावं लागेल, म्हणजे पुन्हा डोंबिवली आली.

तेव्हा जुन्या इमारतीत नवी कला बघायची तर मुंबईलाच जावं लागतं. माझी भाची उपयोजित कला शिकते आणि आमच्या पिढीला सुधारण्याचं काम तिने अंगावर घेतलंय. ती म्हणाली, “मावशी, एनजीएमएला जा. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. रीगलच्या समोर.”

“तू येतेस का बरोबर?”

“मला सबमिशन आहे.”

आधुनिक कलेच्या वाटेला आम्ही तिघं असे गेलो: मी, हे आणि ताई. तिघांची मिळून गुडघ्यांची दोन ऑपरेशनं झालेली.

ठाण्याहून मुंबईला जाणाऱ्या माणसाने १६ एप्रिल १८५३ ची एकदा तरी आठवण काढावी. त्या दिवशी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली. १४ डबे, ३ इंजिनं, ४०० पाहुणे आणि निघताना २१ तोफांची सलामी. इतिहासाच्या पुस्तकांतून एक गोष्ट निसटते ती अशी, की सलामी मुंबईहून ठाण्याला येणाऱ्यांना होती. ठाण्याहून मुंबईला जाणाऱ्यांसाठी तेव्हाही काही सोय नव्हती आणि आजही नाही. ताई डोंबिवलीहून बसून आल्या होत्या. मला बघताच त्यांनी आजूबाजूच्या बायकांना सरकवून चौथ्या सीटची जी जागा काढली, तिला जागा म्हणण्यासाठी मुळात ठाणेकर असावं लागतं. हे जेन्ट्सच्या डब्यात चढले. ते चढल्याचं आम्हाला दादरला कळलं.

सीएसएमटीहून टॅक्सी केली. “कावसजी जहांगीर हॉल,” असं मी सांगितलं, कारण एनजीएमए त्याच इमारतीत आहे. टॅक्सीवाल्याने त्यातलं ‘जहांगीर’ तेवढं घेतलं आणि जहांगीर आर्ट गॅलरीच्या दारात सोडलं. त्याची काही चूक नव्हती. या घराण्याने मुंबईला इतकं काही देऊन ठेवलंय की पत्ता सांगताना गोंधळ व्हायचाच. मूळ पुरुष कावसजी जहांगीर रेडीमनी. होय, रेडीमनी हे आडनाव आहे. राजाबाई टॉवरच्या आवारातलं विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह त्यांच्या देणगीतलं. पुढच्या कावसजींनी १९११ चा पब्लिक हॉल दिला. त्यांच्या पुढच्या कावसजींनी जहांगीर नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ १९५२ साली आर्ट गॅलरी उभी केली. आमचे हे बँकेतून निवृत्त झालेत. त्यांनी ‘रेडीमनी’ ऐकलं आणि म्हणाले, “अशा आडनावाच्या माणसाला कर्ज विकणं फार अवघड.”

उतरलोच होतो तर ताईंना ‘समोवार’ आठवलं. जहांगीरमधलं ते लांबट, चिंचोळं उपाहारगृह. १९६४ मध्ये सुरू झालं, २०१५ मध्ये बंद झालं, आणि मधल्या पन्नास वर्षांत एका चहावर किती चित्रकारांनी किती तास काढले याचा हिशेब कुणीही ठेवला नाही. ताई मंत्रालयाच्या बाजूला एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या. पगाराच्या दिवशी मैत्रिणींबरोबर त्या तिथे यायच्या. “पराठा मागवायचो आणि दाढीवाले बघायचो,” त्या म्हणाल्या. “चित्रं नाही बघितली?” “चित्रं फुकट होती गं. कधीही बघता आली असती.”

पुढे काळा घोडा लागला. सातव्या एडवर्डचा मूळ पुतळा १९६५ साली हलवला, तो आता राणीच्या बागेत आहे. त्यानंतर पन्नासेक वर्षं चौकाचं नाव काळा घोडा आणि चौकात घोडा नाही, असा मामला होता. २०१७ साली नवा घोडा आणला, पण या खेपेला त्याच्यावर कुणाला बसवलंच नाही. आमच्या ह्यांना ही कल्पना फार आवडली. “वाद सगळे स्वारावरून होतात,” ते म्हणाले. “घोड्यावर कुणाचा आक्षेप नसतो.”

आणि मग रीगलच्या चौकात, म्युझियमच्या समोर, दगडी कमानींची ती इमारत. सर कावसजी जहांगीर पब्लिक हॉल. आर्किटेक्ट जॉर्ज विटेट. हा स्कॉटिश माणूस या परिसरात इतका बांधत सुटला होता की एका जागी उभं राहून मान फिरवली तरी त्याचं काम दिसतं: समोरचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम त्याचं, शेजारची विज्ञान संस्था त्याची, कोपऱ्यापलीकडचं गेटवे त्याचं. १९२६ मध्ये तो मुंबईतच वारला आणि शिवडीच्या दफनभूमीत त्याला पुरलं. म्हणजे कायमचा इथलाच झाला. आमच्या सोसायटीच्या आर्किटेक्टला आम्ही ताबा घेतल्यापासून कुणी बघितलेलं नाही.

तिकीट काढलं, पिशव्या ठेवल्या, आत पाऊल टाकलं. ताई दोन पावलं चालल्या आणि थांबल्या. वर बघितलं, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

“अगं,” त्या म्हणाल्या, “हा तर चपलांचा सेल!”

समोर एक मोठं अमूर्त चित्र होतं. त्याच्यासमोर हात मागे बांधून उभा असलेला एक तरुण दचकून वळला. आधुनिक कलेवर इतकी स्वच्छ टीका त्याने बहुधा ऐकली नसावी.

पण ताई टीका करत नव्हत्या, ओळख पटवत होत्या. हा हॉल बांधला तेव्हा मुंबईत सभा, संगीताच्या मैफली, व्याख्यानं यांसाठी मोठं बंदिस्त सभागृह हवं होतं. इथे राजकीय सभा गाजल्या, पाश्चात्त्य संगीताचे जलसे झाले. मग स्वातंत्र्यानंतर शहरात वातानुकूलित, गुबगुबीत खुर्च्यांची नाट्यगृहं उघडली आणि कावसजी हॉल मागे पडला. भाडं कमी, जागा मोठी, ठिकाण मोक्याचं. तेव्हा जे जे परवडणाऱ्या भाड्याच्या शोधात होते ते सगळे इथे आले. कामगार संघटनांच्या सभा आल्या. लग्नाचे स्वागतसमारंभ आले. बॉक्सिंगच्या लढती आल्या. आणि कपड्यांचे, चामड्याच्या वस्तूंचे सेल आले. ताई आल्या त्या या शेवटच्या लाटेत, जेवणाच्या सुट्टीत, डबा टेबलाखाली तसाच ठेवून.

“इथे लाकडी टेबलं लावलेली असायची,” चित्राकडे बोट करत त्या म्हणाल्या. “या बाजूला पर्सेस. तिथे बेल्ट, जेन्ट्सचे. आणि त्या कोपऱ्यात चपला, ढिगाने. डावा पाय मिळायचा, उजवा शोधावा लागायचा.”

“ताई, हळू बोला.”

“तेव्हा ओरडावं लागायचं, तर आता हळू कशी बोलू?”

इतक्यात ह्यांनी भिंतीवर हात ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते लग्नाच्या अल्बममध्येही नाही. “अरे, मी पण आलोय इथे,” ते म्हणाले. “युनियनची सभा. महागाई भत्ता.” बँकेत लागल्यावर पहिल्याच वर्षी सीनियरांनी त्यांना इथे आणलं होतं. नेत्याचं नाव आठवत नव्हतं, मागणी मान्य झाली का ते आठवत नव्हतं, पण घोषणा शब्दन् शब्द पाठ होती. ती त्यांनी तिथल्या तिथे म्हणून दाखवली, गॅलरीचा मान राखून, दबक्या आवाजात. दबक्या आवाजातली घोषणा फार केविलवाणी वाटते. मालक ऐकत नाही, शेजारचा मात्र वळून बघतो.

सुरक्षारक्षक आला. “सर, हात लावू नका.”

“मी भिंतीला लावलाय. चित्राला नाही.”

“भिंतपण हेरिटेज आहे, सर.”

हे ऐकून ह्यांना फार बरं वाटलं. ज्या भिंतीला टेकून आपण वडापाव खाल्ला ती हेरिटेज निघाली, म्हणजे थोडा मान आपल्याही वाट्याला आलाच.

स्टेज कोणत्या बाजूला होतं, यावरून मग बहीणभावांची जुंपली. ताई म्हणत होत्या पूर्वेला, हे म्हणत होते पश्चिमेला. या हॉलमध्ये बॉक्सिंग होत असे याची आठवण मी दोघांना करून दिली, पण त्याने जोर उलट वाढला. वाद मिटण्यासारखा नव्हता, कारण पुरावाच शिल्लक नाही. बाहेरचं दगडी कवच तसंच ठेवून आतलं सगळं बदललेलं आहे. जिथे एक अवाढव्य मोकळा हॉल होता तिथे आता एकावर एक पाच दालनं आहेत. अर्धगोल जिने वळत वळत एका दालनातून दुसऱ्यात नेतात आणि शेवटचं दालन थेट घुमटाखाली निघतं. शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि केमोल्ड गॅलरीचे केकू गांधी यांनी ही जागा कलेसाठी मिळावी म्हणून पाठपुरावा केला. नूतनीकरण १२ वर्षं चाललं. पिलूबाई १९८६ मध्ये गेल्या, दालन उघडलं १९९६ च्या डिसेंबरात. बारा वर्षं ऐकल्यावर हे म्हणाले, “म्हणजे मेट्रोच्या मानाने लवकरच.”

दिल्लीचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९५४ पासून जयपूरच्या महाराजांच्या वाड्यात आहे. बंगळुरूचं एका जुन्या हवेलीत. मुंबईचं मात्र चपलांच्या सेलच्या जागी. तिन्ही शहरांचे स्वभाव यापेक्षा कमी शब्दांत कुणी सांगितले असतील असं वाटत नाही.

जिने अर्धगोल आहेत हे फोटोत सुंदर दिसतं. गुडघ्याला ते वेगळं कळतं. आम्ही प्रत्येक दालनात पोहोचल्यावर आधी बाक शोधला आणि नंतर चित्रं. बाकावरून एक फायदा होतो: लोक चित्रं कशी बघतात ते नीट दिसतं. सगळे आधी खालची पट्टी वाचतात. चित्रकाराचं नाव, साल, माध्यम. मग वर चित्राकडे एक नजर टाकून पट्टीत लिहिलंय ते खरंच तिथे आहे ना याची खात्री करतात आणि पुढे सरकतात. पट्टीवर ‘शीर्षक नाही’ असं असलं की पंचाईत होते. ह्यांना तर तो अन्यायच वाटला. “नाव ठेवायचंच नव्हतं तर पट्टी कशाला लावली?” काही जण डोकं एका बाजूला कलवतात. काही जण मागे मागे जात शेवटी दुसऱ्या बघणाऱ्यावर आदळतात. एक गृहस्थ चित्राला जवळजवळ नाक लावून “टेक्श्चर, टेक्श्चर” म्हणत होते. त्यांच्याबरोबरच्या बाईंचं लक्ष घड्याळाकडे होतं.

अमूर्त चित्रांपुढे मराठी माणूस संशयाने उभा राहतो, यात नवल नाही. पण ती काढणाऱ्यांत आपलीच माणसं किती, याचं नवल वाटायला हवं. १९४७ साली ज्या प्रोग्रेसिव्ह गटाने चित्रकलेचा नूर पालटला त्या सहा जणांत हरी अंबादास गाडे आणि सदानंद बाकरे होते. थोड्या नंतर त्या गटाशी जोडले गेलेले वासुदेव गायतोंडे नागपुरात जन्मलेले, गिरगावातल्या चाळीत वाढलेले, जे. जे.त शिकलेले. वर्षाला मोजकीच चित्रं काढायचे. त्यांचं एक चित्र २०१५ साली मुंबईतल्याच लिलावात २९ कोटींच्या वर गेलं. हा आकडा मी ह्यांना सांगायला नको होता. त्यानंतरच्या दालनात ते चित्रं बघतच नव्हते, लांबीरुंदी बघत होते.

“एवढ्यात घोडबंदर रोडला अख्खा मजला येतो,” ते म्हणाले. “कव्हर्ड पार्किंगसकट.”

“त्या मजल्याकडे लोक एक तास बघत बसतील का?” मी विचारलं.

“बसतात ना. ताबा मिळेपर्यंत दहा दहा वर्षं बघत बसतात.”

इकडे ताईंच्या मागे गर्दी जमली होती. गर्दी म्हणजे वास्तुकलेच्या कॉलेजातली वह्या घेतलेली दोन मुलं, तो मघाचा दचकलेला तरुण आणि ड्यूटी सोडून तीन पावलं पुढे आलेला सुरक्षारक्षक. मुलांना या इमारतीवर निबंध लिहायचा होता. विटेट, कमानी, घुमट हे सगळं त्यांच्याकडे होतं. चपला नव्हत्या. ताईंनी त्या पुरवल्या. उकडायचं किती, पंखे किती उंचावर होते, दारात शेंगदाणेवाला कुठे बसायचा, घासाघीस केली की विक्रेता “बाई, लेदर आहे” असं म्हणून काडेपेटी काढून चपलेला चटका कसा द्यायचा.

“काकू, हे कोणत्या साली?” वहीतल्या मुलीने विचारलं.

“साल नाही गं आठवत. पण पट्टा तपकिरी होता आणि अठरा रुपये पडले होते.”

मुलीने ते लिहून घेतलं. मला वाटतं, त्या निबंधातली तेवढीच ओळ इतर कुणाच्या निबंधात सापडायची नाही.

सभागृहाचे संस्कार भिंतींतून सहज जात नाहीत, याचा आणखी एक दाखला इथलाच आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत प्रभाकर बरवे यांच्या चित्रांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनाचं उद्घाटन इथे झालं. बरवे अलिबागजवळच्या नागावचे, ‘कोरा कॅनव्हास’ लिहिणारे, फार कमी बोलणारे चित्रकार. अमोल पालेकर बोलायला उभे राहिले. तेही मूळचे जे. जे.चे चित्रकार. बोलता बोलता ते संग्रहालयाच्या कारभारातल्या बदलांवर आले, तेव्हा व्यासपीठावरून त्यांना पुन्हा पुन्हा थांबवण्यात आलं, फक्त बरव्यांवर बोला म्हणून. दुसऱ्या दिवशी देशभर बातमी. रंग पांढरा दिला, दिवे मंद केले, भिंतींवर चित्रं टांगली, तरी हॉल आतून सभेचाच राहिला. ताईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “बघ, स्टेज पूर्वेलाच असणार.” याचा त्याच्याशी काय संबंध, ते मी विचारलं नाही.

शेवटच्या दालनात, घुमटाखाली, आम्ही बराच वेळ बसलो. एक चित्र होतं, राखाडी आणि मध्ये कुठेतरी पिवळसर. ताई त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. मला वाटलं, आता यांना काहीतरी दिसलं. “काय वाटतं, ताई?” मी विचारलं.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. “काय आहे ते कळत नाही, पण माणसाने घाई केलेली नाही एवढं दिसतंय.”

अमूर्त कलेवर याहून लांबलचक लिहिलेलं मी पुष्कळ वाचलंय. याहून जास्त सांगणारं त्यात फार थोडं होतं.

इमारतीच्या इतिहासाबद्दल जे काही छापलेलं असतं त्यात दाते, वास्तुविशारद आणि उद्घाटनाची तारीख ठळक असते. युनियन, लग्नं, बॉक्सिंग आणि चपला यांना अर्धं वाक्य मिळतं, तेही ‘हळूहळू या वास्तूची रया गेली’ अशा सुरात. मला हे पटत नाही. रया गेली ती रिकाम्या इमारतींची. या हॉलमध्ये माणसं येत राहिली, महिन्याच्या शेवटी का होईना भाडं जमा होत राहिलं, कुणाच्या तरी लग्नासाठी झाडून घेतलं जात राहिलं. चपलांच्या सेलने ही इमारत बिघडवली असं मानणाऱ्यांनी आमच्या भागातल्या कारखान्यांच्या जागा येऊन बघाव्यात. तिथे सेल लागले नाहीत, सभा झाल्या नाहीत, लग्नं लागली नाहीत. थेट पाडकाम. आता खांब आहेत, आणि खांबांवर काय आहे ते वर सांगितलंच.

बाहेर पडताना ताईंनी सुरक्षारक्षकाला विचारलं, “इथे हॉल भाड्याने मिळतो का हो अजून?” त्यांच्या नातवाचं पुढच्या वर्षी करायचंय. तो हसला. त्याला वाटलं, त्या चेष्टा करतायत.

घरी आल्यावर ताईंनी डोंबिवलीहून फोन केला. रात्री माळ्यावरची ट्रंक काढून त्यांनी त्या चपला शोधल्या होत्या. मिळाल्या नाहीत, पण त्याच सुमाराच्या एका स्वागतसमारंभाचा फोटो मिळाला: टायपिंग पूलमधल्या मैत्रिणीचा, कावसजी हॉलमधला. मागे झालर लावलेलं स्टेज स्पष्ट दिसतं. दिशा कळत नाही. हे म्हणतात पश्चिम.

तुमच्याही घरात, ट्रंकेत, अल्बममध्ये, नाहीतर बाबांच्या युनियनच्या कागदांत या हॉलचा एखादा फोटो, पत्रिका किंवा पावती असण्याची शक्यता बरीच आहे, विशेषतः घरातलं कुणी सत्तरच्या दशकात फोर्टात नोकरीला असेल तर. शोधा, मागे साल आणि नावं लिहून ठेवा, आणि ज्यांचा फोटो आहे त्यांना घेऊन एकदा ती इमारत आतून बघून या. तिकीट २० रुपये आहे. सोमवारी बंद असतं.